सहा पंधराची पिंपरखोरी गाडी

त्याची-माझी पहिली भेट भांडणात झाली, आणि तीही अकरा हजार लोकांसमोर.

फेसबुकवर 'बीडकर बोलतात' नावाचा एक ग्रुप आहे. नाव 'बोलतात' असलं तरी तिथे कुणी बोलत नाही, सगळे ओरडतात. सोयाबीनचा भाव, परळीच्या वीज केंद्राची राख, आरक्षण, रिचार्जचे वाढलेले दर, कुणाच्या मिरवणुकीत जेसीबीने किती फुलं उधळली... विषय कुठलाही असो, दहाव्या कमेंटपर्यंत कुणीतरी कुणाचीतरी अक्कल काढलेली असते. मी तिथे 'गावाकडची बाई' या नावाने लिहायचे. फोटो जास्वंदीचा. खरं नाव शिवकन्या, वय तेवीस, बीडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी. पण आमच्याकडे मुलीने स्वतःच्या नावाने राजकारणावर दोन ओळी लिहिल्या की तिसऱ्या ओळीत लोक तिचा मोबाईल नंबर मागतात. जास्वंदीला कुणी नंबर मागत नाही.

त्या दिवशी कुणीतरी टाकलं होतं, 'बायकांना अर्ध्या तिकिटात फिरवून एसटी बुडवली.' खाली दोनशे हसरे चेहरे. माझं डोकं तडकलं. मी लिहिलं, 'बाई अर्ध्या तिकिटात फिरते म्हणून तुमचं पोट दुखतंय, की बाई फिरते म्हणून?'

मग शिव्या सुरू झाल्या, त्या मला पाठच आहेत. पण मधेच 'साधा प्रश्न' नावाच्या एका खात्यावरून आलं, 'मावशी, राग बाजूला ठेवा. साधा प्रश्न आहे. उरलेलं अर्धं तिकीट शासन भरतं हे मान्य. पण ते पैसेसुद्धा आपलेच ना?'

मावशी! मला!

मी लिहिलं, 'गुरुजी, रस्ता, धरण, पुतळे हेही आपल्याच पैशांतून होतात. तेव्हा कुठं गेलतात? बायका गाडीत बसल्यावरच तुम्हाला पाढे आठवले?'

वीस मिनिटं गेली. मग दोन शब्द आले, 'माझं चुकलं.'

मी मोबाईल खाली ठेवला आणि पुन्हा उचलून पाहिला. चार वर्षांत त्या ग्रुपवर एकाही पुरुषाने हे दोन शब्द लिहिलेले मी बघितले नव्हते. खोटं कशाला सांगू, तिथेच माझं काहीतरी हललं.

त्यानंतर रोजचंच झालं. कांद्याचे भाव वाढले तर बोंब कुणी मारायची, यावर आम्ही तीन दिवस भांडलो. मुलीच्या लग्नातल्या खर्चावर पाच दिवस. तो आकडे आणायचा, मी माणसं आणायचे. तो म्हणायचा, 'मावशी, सरासरी बघा.' मी म्हणायचे, 'गुरुजी, सरासरी जेवत नाही, माणूस जेवतो.' एखादा दिवस मी काही लिहिलं नाही तर रात्री आठच्या आत हमखास विचारणा व्हायची, 'मावशी आज गप्प? तब्येत बरी ना?' आणि मी चुलीपुढे बसून एकटीच हसायचे. माझ्या डोळ्यांपुढे तो पन्नाशीचा होता, चष्मा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पन्नाशीच्या माणसाच्या मेसेजची आपण इतकी वाट का बघतो, हा साधा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

आमचं पिंपरखोरी वडवणीपासून आत, डोंगराच्या कुशीत आहे. दिवाळी झाली की गावातली कर्ती माणसं ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे जातात. माझे आईबापूही जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं, आणि आता मी. मी जेवण-खाण सांभाळून आसारामआबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, बीपीची गोळी देऊन सकाळी सहा पंधराची एसटी धरते. ही आमची मुक्कामी गाडी, अठ्ठावीस सीटांची छोटी. संध्याकाळी बीडहून येते, रात्री मारुतीच्या पारापाशी थांबते आणि सकाळी परत जाते. वडवणीचा बाजार, बँकेतला निराधार योजनेचा पगार, डोळ्यांचा दवाखाना, सगळं त्या एका गाडीवर. माझी नोकरीसुद्धा.

पौष लागला आणि एका संध्याकाळी ग्रुपवर एसटीवरून पुन्हा जुंपली. 'साधा प्रश्न'ने लिहिलं, 'रिकाम्या गाड्या पळवायला डिझेल कुठून आणायचं? पिंपरखोरीची सकाळची फेरी बघा. सरासरी सतरा प्रवासी. एक तारखेपासून बंद होतेय, ते योग्यच आहे.'

मी पहिल्यांदा त्याला इनबॉक्समध्ये लिहिलं.

'गाडी बंद होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?'

'मी आगारात वाहतूक शाखेत लिपिक आहे, मावशी. बंद करायच्या फेऱ्यांची यादी मीच केली.'

ज्या माणसाच्या दोन शब्दांवर मी भाळले होते, त्याच माणसाने माझी गाडी काढून घेतली होती! मी लिहिलं, 'मी रोज त्या गाडीत उभी राहून जाते. बसायला जागा नसते.'

'तिकिटाच्या मशीनमध्ये सतरा आहेत. आकडे खोटं बोलत नाहीत.'

'मग मी बोलते का? या इकडं. सहा पंधराला सुटते. डोळे बरोबर आणा.'

त्याच आठवड्यात बापूंचा फोन आला. बातमी उसाच्या फडापर्यंत पोचली होती. "शिवे, गाडी बंद झाल्यावर काय करतीस? बीडात खोली घेऊन एकटी राहनार? मला तिकडं उसात झोप लागायची न्हाई. त्यापरीस हंगाम संपला की गेवराईकडचं स्थळ बघून घिऊ." बापू वाईट नाहीत. त्यांनी मला कधी फडावर नेलं नाही, शाळेत ठेवलं. पण गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की माझ्याकडे 'नको' म्हणायला काही उरत नव्हतं. एक तारखेला बारा दिवस होते.

सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. मी धावतपळत गाडीत चढले तर नेहमीसारखीच खच्चून गर्दी. मफलरी, घोंगड्या, पिशव्या, डोळ्यांना हिरवी पट्टी बांधलेले सटवाआप्पा. आणि या सगळ्यांच्या मधे एक अनोळखी तरुण, अंगात पातळसं स्वेटर, केस विस्कटलेले, थंडीने नाक लाल. आदल्या संध्याकाळी याच गाडीने येऊन रात्रभर गाडीतच झोपला असणार. ओठ हलवत तो मोजत होता.

"कुनाचा रे तू?" गावातल्या म्हाताऱ्या दगडाबाईंनी त्याला विचारलं.

"आष्टीकडचा हाय, आजी."

"मंग इकडं काय मोजायलास? ढोरं हाईत का आमी?"

गाडी वळणावर कलली आणि तो माझ्या अंगावर आला. मी म्हणाले, "सरळ उभं राहता येत न्हाई का?"

"माफ करा..." तो म्हणाला, आणि पुन्हा पुटपुटला, "छत्तीस. सरासरी सतरा, अन् हिथं छत्तीस... माझं चुकलं."

मी दांडीला धरलेला हात घट्ट केला.

"गुरुजी?"

तो गर्रकन वळला. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं, कुणी पोक्त बाई दिसतेय का म्हणून. मग पुन्हा माझ्याकडे. कान लाल झाले.

"...मावशी?"

आख्ख्या गाडीत हशा पिकला. दगडाबाई तर हसून हसून खोकायला लागल्या. "आगं बया, शिवकन्याचा भाचा निघाला की ह्यो!" मला हसू आवरेना आणि त्याच्याकडे बघवेना. चष्मा नव्हता. खिशात पेन मात्र होतं, एक. त्याचं नाव अजिनाथ.

आणि तेवढ्यात ते झालं. आमचे कंडक्टर बंकटमामा तिकीट फाडत आले. बायकांना अर्धं, शाळेच्या पोरांचे पास बघितले, आणि म्हाताऱ्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवत पुढे गेले. अजिनाथने त्यांना थांबवलं. "मामा, पंचाहत्तरच्या पुढच्यांचं तिकीट?"

"त्यांना कशाचं तिकीट? फुकट हाय की त्यांना."

"फुकट म्हंजे शून्य रुपयाचं तिकीट, मामा. मशीनमधून काढावं लागतं. तवाच तो प्रवासी नोंदतो, अन् शासन त्याचे पैसे भरतं."

"ठाव हाय रे मला," मामा म्हणाले. "पन ह्या थंडीत म्हाताऱ्या मानसाला आधार कार्ड काढ म्हनायचं, त्यानं पिशवी उपसायची... बरं वाटतं का ते? बापासारखी मानसं ही."

अजिनाथने पुन्हा एकदा फक्त म्हातारी डोकी मोजली. मलाही उशिरा का होईना, उलगडलं. मामांच्या मायेपोटी रोजची वीस-वीस माणसं कागदावरून गायब होत होती. ऊस सुरू झाला की गावात म्हातारीच माणसं उरतात, म्हणून दर हिवाळ्यात आमची गाडी भरून धावायची आणि मशीनमध्ये रिकामी दिसायची.

बीडच्या स्टँडवर कॅन्टीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. चहा गार होत होता.

"आता काय?" मी विचारलं.

"खरं लिहिलं की गाडी वाचती. पन मग मामांची चौकशी लागंल. तिकीट न देणं मोठा गुन्हा हाय. सात महिने राहिलेत त्यांच्या रिटायरमेंटला."

"मग लिहायचं न्हाई."

"गाडी जाईल."

"जाऊ द्या." माझा आवाज चढला. "दहावीच्या पेपरला मला उशीर झालता तर त्या मानसानं गाडी धा मिनिटं थांबवली होती. मी पळत येत होते अन् ते दारात उभे राहून हात करत होते. त्यांचं नाव तुमी कागदावर आणायचं न्हाई."

"अन् तुझं काय?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मग बापूंचा फोन, गेवराईचं स्थळ, सगळं सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. तो ऐकत राहिला, एकदाही 'सरासरी' म्हणाला नाही. मग हळूच म्हणाला, "माझ्या गावाला गाडीच येत नव्हती. आठ किलोमीटर चालून शाळेत जायचो. माझ्या बहिणीला न्हाई पाठवलं कुणी तेवढं चालत... अन् मी हिथं बसून गाड्या बंद करायच्या याद्या करतोय. लाज वाटती."

मी उठले. थांबले असते तर त्या कळकट टेबलावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला असता, एवढं मला स्वतःबद्दल कळलं होतं.

पुढचे तीन दिवस 'साधा प्रश्न' गप्प. ग्रुपवर तुरीच्या डाळीवरून रान पेटलं होतं, मी एक अक्षर लिहिलं नाही. पंचवीसदा इनबॉक्स उघडून बंद केला. खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला गाडीपेक्षा त्याचीच जास्त काळजी होती. तो काय लिहील, आणि लिहिलं तर मी त्याला माफ करेन का?

चौथ्या दिवशी पारापाशी गाडीत चढले तर बंकटमामा दारातच उभे. "समद्यांनी आधार काढा. तिकीट घेतल्याबिगर एक मानूस हालनार न्हाई."

"मामा, काय झालं?" मी विचारलं.

"तुझा तो आष्टीवाला घरी आलता माझ्या. म्हनला, मामा, मी तुमचं नाव लिवनार न्हाई. तुमी सायबाला न्हाई सांगितलं तरी लिवनार न्हाई. पन ती पोरगी तुमच्यासाठी नोकरीवर पानी सोडायला निघाली हाय, यवढं तुमच्या कानावर घालतो." मामांनी मफलरीने नाक पुसलं. "लई शरम वाटली मला. दुसऱ्या दिशी सोता गेलो सायबाकडं, समदं सांगितलं. सायब लई बोलले. लेखी समज दिली, पन तेवढ्यावर भागलं. पंधरा दिवस पुन्हा मोजायचं ठरलं, तवर गाडी चालूच. त्या पोरानं बी लिहून दिलंय, जाऊन न बघता यादी केली, चूक माझी."

मग गाडीत जो गोंधळ झाला तो बघण्यासारखा होता. पिशव्या, चंच्या, कमरेचे बटवे, सगळीकडून आधार कार्डं निघायला लागली. दगडाबाईंच्या कार्डावर वय एकाहत्तर निघालं. "मला अर्धं तिकीट? आरं, मी आसारामपरीस चार वर्सांनी थोरली हाय! सरकारनं माजी वर्सं खाल्ली!" पण अर्धं तिकीट काढलं त्यांनी, आणि आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं ते पदरात बांधलं. आसारामआबा तर काही काम नसताना रोज वडवणीला जाऊन यायला लागले. "तेवढाच एक आकडा," म्हणायचे.

चौतीस. एकेचाळीस. अडतीस. बाजाराच्या दिवशी बावन्न. पंधरा दिवसांनी यादीतून आमच्या गाडीचं नाव निघालं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर 'साधा प्रश्न' दिसला नाही. अजिनाथ या नावाने, स्वतःच्या फोटोसकट, एक पोस्ट आली. यादी मी केली होती, गावात न जाता केली होती, शून्याचं तिकीट का घ्यायचं ते असं असं. तासाभरात लोक तुटून पडले. झोपा काढायला पगार घेतोस का, कुणाची सुपारी घेतली, सगळं. तो प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होता.

मला राहवलं नाही. जास्वंद काढली. लॅबच्या पांढऱ्या कोटातला माझा फोटो लावला, नाव लिहिलं आणि टाकलं, 'मी शिवकन्या. रोज याच गाडीने जाते. हा माणूस थंडीत गाडीत झोपून आमची डोकी मोजून गेला. तुमच्यापैकी कुणी आलं होतं?'

तिसऱ्या कमेंटला नंबर मागणारा आलाच. मी त्याला लॅबचा नंबर दिला. लिहिलं, 'सकाळी उपाशीपोटी या, साखर तपासून देते.' त्या कमेंटवर जेवढे हसरे चेहरे पडले तेवढे मी आजवर बघितले नव्हते. त्यातला पहिला अजिनाथचा होता.

रविवारी बापूंचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"बापू, गेवराईचं स्थळ बघू नका."

"कावून? गाडी राहिली म्हनून?"

"गाडी राहिली म्हनून बी. अन्... मानूस बघितलाय मी एक."

मागचा ट्रॅक्टर बंद झाला.

"भांडतो का?"

"रोज."

"जिंकतं कोन?"

"मीच. बहुतेक येळा."

पलीकडे बापूंनी कुणालातरी, बहुधा आईलाच, काहीतरी सांगितलं. आईचं हसणं ऐकू आलं. मग बापू म्हणाले, "पाडव्याला आमी येतोय. घरी बलाव त्याला. बघू तरी माझ्यापुढं किती टिकतो."

सोमवारी संध्याकाळी बीडच्या स्टँडवर आमची गाडी लागली होती. सुटायला दहा मिनिटं होती. मी खिडकीपाशी बसले होते आणि तो ऑफिसातून येऊन शेजारी बसला. दोन बोटांचं अंतर ठेवून. उन्हं तिरपी झाली होती, फलाटावर कुणीतरी बोरं विकत होतं.

"बापूंनी पाडव्याला बलावलंय," मी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"कावून?"

"तुमाला म्हाईत हाय कावून."

तो हसला. मग गंभीर झाला, हातातलं पेन उघडझाप करायला लागला. "शिवकन्या, एक अडचन हाय. माझी नोकरी बीडात. खोली बीडात. तुझी लॅब बी बीडात. आपलं जमलं तर... तू हिकडं राहायला येनार. म्हंजे सहा पंधराच्या गाडीतला रोजचा एक प्रवासी कमी. यवढं भांडून वाचवलेल्या गाडीचा पहिला तोटा मीच करनार. हे मला पटत न्हाई."

मी त्याच्याकडे वळले. लग्नाची मागणी घालताना तोट्याचा विचार करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या शेजारी बसला होता.

"आबा एकटे हाईत गावात," मी म्हणाले. "आईबापू फडावर असेपर्यंत हंगामभर मी पिंपरखोरीतनंच येनार-जानार. लग्न झालं तरी. हे आधी मान्य करा."

"मान्य."

"म्हंजे सहा महिने मी गाडीत. अन् तुमी?"

"मी?"

"बायको गावात अन् नवरा बीडात खोलीवर, असं कुठं असतं का? तुमी बी याच गाडीनं यायचं, याच गाडीनं जायचं. रोज. पूर्ण तिकीट काढून."

त्याने पेन खिशात ठेवलं. पुढे बंकटमामांनी घंटी मारली, गाडी हलली, आणि तो खाली उतरला नाही.

"बोला की," मी म्हणाले. "तोटा कुठं राहिला?"

दोन महिने अकरा हजार लोकांसमोर मुद्द्याला मुद्दा देणाऱ्या त्या माणसाने हा मुद्दा मात्र सोडून दिला. मग त्याने ते दोन बोटांचं अंतर संपवलं, माझा हात हातात घेतला, आणि मामा तिकिटाला आल्यावर म्हणाला, "एक पूर्ण, एक अर्धं. पिंपरखोरी."